जो ओरडेल त्याचा मासा

आमच्या घरात मासेमारीचा एकच नियम होता आणि तो डॅडींनी केला होता. दुसऱ्याच्या गळापाशी मासा आला की बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. "आता!" म्हणून ओरडलातच, तर तो मासा तुमचा. तो तळायचा की सोडायचा हेसुद्धा मग तुम्हीच ठरवायचं, ज्याच्या हातात काठी आहे त्यानं नाही. आमच्या लँडर गावात लोक या नियमाला हसायचे. आमच्याकडे बायबल कुणी धड उघडलं नव्हतं, हा नियम मात्र सगळ्यांना पाठ होता.

सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं कॉफीपॉट तळ्यावर निघालो. डॅडी, माझा धाकटा भाऊ क्लेटन, त्याची बायको आर्डिथ आणि मी, नादीन. मी एक्कावन्न वर्षांची होते आणि डॅडी एकोणऐंशीचे. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या उरल्यात, असं डॉक्टरनं वसंतात सांगितलं होतं. म्हणजे ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, त्याच्या आजूबाजूचं दिसतं. डॅडींनी त्यावर स्वतःच तोड काढली. तुमचा चेहरा बघायचा असला की ते तुमच्या कानावरून पलीकडे कुठंतरी बघत. बघायचं असेल त्यावरून नजर काढून घ्यायची, की ते कडेला जरासं दिसायचं. गावात मात्र लोक रुसले. म्हातारा बोलताना तोंड फिरवतो, म्हणाले. मला काही फरक पडला नाही. माझ्याकडे ते आधीही फारसं बघत नसत.

वाट चौदा मैलांची. क्लेटननं डॅडींच्या घोड्याला दोर लावून तो आपल्या खोगिराला बांधला, तेव्हा डॅडींनी सबंध डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात शिव्या दिल्या.

"पोत्यासारखं नेताय मला!"

"पोतं गप्प तरी बसतं," मागून आर्डिथ म्हणाली. तिच्यामागे दोन खेचरं होती, तंबू, तवे आणि बीन्सच्या डब्यांनी लादलेली.

"क्लेट, तुझ्या बायकोला सांग, मी आंधळा झालोय, बहिरा नाही."

"तुम्हीच सांगा, डॅडी. माझं ती कुठं ऐकते?"

दुपारी आम्ही शेवटची खिंड चढलो आणि खाली तळं दिसलं. दर वर्षी मी मनाशी ठरवते की यंदा आपल्याला काही वाटून घ्यायचं नाही, चाळीस वर्षं तेच तळं, त्यात काय बघायचं. आणि दर वर्षी खिंडीत घोडा आपोआप थांबतो आणि माझा श्वास अडकतो. तिन्ही बाजूंनी करड्या दगडाची भिंत, हजार फूट तरी उंच, तिच्या घळींत ऑगस्टातही बर्फ. आणि मधोमध ते पाणी. इतकं स्वच्छ की काठापासून दूरवर तळाचे दगड एकेक करून मोजता यावेत, आणि मग एकदम खोली सुरू होते आणि सगळं काळंनिळं होऊन जातं. आवाज कसला म्हणून नाही. तिथं उभं राहिलं की आपली भांडणं, आपलं वय, आपण कुणाला काय बोललो, सगळं अगदी क्षुल्लक वाटतं. मी काही देवभोळी बाई नाही, पण तिथं मी दर वेळी टोपी काढते.

"कुठला रंग आहे आज?" डॅडींनी विचारलं. त्यांचं तोंड भलत्याच बाजूला होतं.

"मधे काळानिळा. कडेला बाटलीच्या काचेसारखा हिरवा."

"वारा?"

"नाही."

"मग बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनीही टोपी काढली.

पहिल्या संध्याकाळी जेवताना त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. आर्डिथनं लोखंडी भांड्यात निखाऱ्यांवर बिस्किटं भाजली होती, बेकन होतं, बीन्स होते. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून ते विस्तवाशी बोलल्यासारखे बोलले.

"मला एक सोनेरी हवाय. माझ्या काठीनं, मी बांधलेल्या माशीवर. तो हातात धरून नीट बघायचाय. नंतर काठी क्लेटनची. पुढच्या वर्षी मी येणार नाही. घोड्याला दोर बांधून मला कुणी इथं आणू नये."

सोनेरी ट्राउट हा मासा अशाच तळ्यांत राहतो, जिथं झाडं संपत येतात तिथं. पोट शेंदरी, कुशी पिवळ्याधमक, अंगावर लाल पट्टा. बर्फाच्या पाण्यात असा रंग कशाला हवा होता, ते देवालाच ठाऊक. डॅडींना तो रंग डोळ्यांच्या उरल्यासुरल्या कडेत साठवून न्यायचा होता, एवढंच.

आता अडचण काय ती सांगते. आमची माशी म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला किडा. तो पाण्यावर तरंगतो. मासा खालून येतो, तोंडात घेतो आणि खोटा आहे कळताच थुंकून टाकतो. या दोन्हींच्या मधे हिसका द्यायचा असतो. शिंक यायला लागतो तेवढाच वेळ. आणि हिसका देण्यासाठी माशी दिसावी लागते. डॅडींची माशी म्हणजे काळी मुंगी, तांदळाच्या दाण्याएवढी.

"तिच्यावर नारिंगी लोकरीचा तुरा बांधू या," क्लेटन म्हणाला. "लांबून दिसेल."

"मुंगीला तुरा?"

"माशाला काय कळतंय, डॅडी."

"मला कळतंय ना!" डॅडी म्हणाले. विषय संपला.

दोन दिवस मी त्यांच्या शेजारी दगडावर बसून होते. माझं काम त्यांना काठावरून पडू न देणं आणि गुंतलेला धागा सोडवणं. काठी मी हातात घेत नाही. त्यांचं दोरी फेकणं तेवढं बघावं. डोळे असताना फेकत त्यापेक्षा काकणभर सरसच. मागे, पुढे, मागे, पुढे, आणि शेवटी माशी पाण्यावर अशी उतरायची की वलयसुद्धा उठू नये. मग खोल पाण्यातून एक पिवळी सावली सावकाश वर यायची, अगदी घाई नसल्यासारखी. माशीखाली थांबायची. नाक वर काढायची आणि मुंगी आत घ्यायची. मला सगळं दिसायचं. डॅडी मात्र पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभे, वाट बघत. मासा मुंगी थुंकायचा आणि परत खाली जायचा. नंतर कधीतरी डॅडी हिसका द्यायचे.

"होता का?" ते विचारायचे.

"होता."

"केवढा?"

"बरा होता." तो माझ्या कोपरापर्यंत भरला असता.

पहिल्या दिवशी असं सहा वेळा झालं, दुसऱ्या दिवशी पाच. एकदा त्यांनी कानानं प्रयत्न केला. डोळे मिटले आणि माशाच्या ओठांचा तो बारीक आवाज ऐकायला थांबले. ऐकलाही, पण तो शेजारच्या खऱ्या किड्यावर होता. मी दात आवळून बसले होते. ओरडणं माझ्या घशाशी येऊन परत जात होतं. नियम होता ना! आणि खरं सांगू का, माझ्यात एक दुष्ट बाई आहे, ती म्हणत होती, बसा आता आपल्या नियमाला कवटाळून.

कारण मी अकरा वर्षांची असताना याच काठावर माझ्या पहिल्या काठीवर पहिला सोनेरी आला होता. मी त्याला बघत होते. बघतच राहिले होते, असा मासा जगात असतो हेच मला खरं वाटत नव्हतं. मागून डॅडी ओरडले, "आता!" मी हिसका दिला, मासा लागला. मला तो पाण्यात धरून बघायचा होता आणि सोडायचा होता. डॅडी म्हणाले, "ओरडलो मी, मासा माझा." त्यांनी तो दगडावर आपटला आणि संध्याकाळी तळला. अर्धा माझ्या ताटलीत वाढला, तो मी खाल्ला नाही. घरी येऊन मी काठी गोठ्यात टांगली. पोरीला नाद नाही, असं डॅडी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले. मीही त्यांना कधी खरं सांगितलं नाही. आम्ही दोघं हट्टाला सारखेच.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी दोन मासे असेच गेले. दुपारी क्लेटन आणि आर्डिथ तंबूपाशी सामान आवरत होते. मार्मट नावाच्या एका घुशीएवढ्या डोंगरी खारीनं क्लेटनच्या बुटाच्या नाड्या खाल्ल्या होत्या आणि तो तिच्यामागे एका बुटानिशी पळत होता. आर्डिथ त्याला प्रोत्साहन देत होती, म्हणजे मार्मटला. डॅडी हसले नाहीत. काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते. मला त्यांचा राग यायचा ना, तो त्या क्षणी कुठं गेला कोण जाणे. नुसतं वाईट वाटलं.

मग खिंडीकडून गरम वारा आला आणि माझ्या बाहीवर एक मुंगी पडली, पंख असलेली. मग दुसरी. मी वर बघितलं तर सगळं आकाश बारीक ठिपक्यांनी भरलं होतं. डोंगरापलीकडच्या जंगलातून उडालेल्या मुंग्या वाऱ्याबरोबर वर आल्या होत्या आणि आता तळ्यावर पडत होत्या, हजारांनी, लाखांनी. वारा थांबला. पाणी काळ्या ठिपक्यांनी भरून गेलं. एक क्षण काहीच झालं नाही.

आणि मग तळं उकळायला लागलं.

मी चाळीस वर्षांत असं बघितलं नव्हतं. आमच्या पायाशी, मधे, पार पलीकडच्या भिंतीखाली, जिथं बघावं तिथं मासे वर येत होते. त्या काळ्यानिळ्या खोल पाण्यात इतके जीव होते आणि आम्ही वर बसून तळं रिकामं समजत होतो. पिवळ्या कुशी उन्हात वळत होत्या, शेंदरी पोटं चमकत होती, वलयांत वलयं अडकून सगळं पाणी हलत होतं. मला रडू येत होतं आणि का ते कळत नव्हतं.

"हे काय, पाऊस?" डॅडी उभे राहिले.

"नाही, डॅडी. मासे."

"सगळे?"

"सगळे. पलीकडच्या काठापर्यंत सगळे."

त्यांनी तोंड इकडून तिकडे फिरवलं, कडेनं जेवढं मिळेल तेवढं घेतलं. तोंड उघडंच राहिलं होतं, लहान मुलाचं राहतं तसं. "अरे देवा," ते म्हणाले, "आणि मी शिव्या देत आलो इथं." मग काठी उचलली आणि माशी फेकली. पण आता कानाचाही उपयोग नव्हता, सगळीकडूनच ते आवाज ऐकू येत होते. त्यांनी उगाच हिसका दिला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फेकली आणि तसेच उभे राहिले.

"नादीन."

"काय?"

"तुला माझी माशी दिसतेय?"

"दिसतेय."

त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. तो नियम त्यांनी केला होता आणि जन्मात एकदाही कुणाला आपल्या माशावर ओरडू दिलं नव्हतं.

"मग बोल," ते म्हणाले.

खालून एक सावली येत होती. बाकीच्यांपेक्षा मोठी, सावकाश. वाटेतल्या खऱ्या मुंग्या तिनं सोडून दिल्या. डॅडींच्या मुंगीखाली थांबली. मी दगडाला घट्ट धरलं. नाक वर आलं, पांढरं तोंड उघडलं, मिटलं.

"आता!"

माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. काठी वाकली. डॅडींच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. मासा खोल गेला, परत आला, एकदा पाण्याबाहेर पूर्ण उडाला आणि उन्हात पेटल्यासारखा दिसला. क्लेटन एका बुटानं धावत आला आणि मधेच थबकला. कुणी मदत केली नाही. बऱ्याच वेळानं डॅडी गुडघ्यांवर बसले, बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातले आणि त्याला दोन्ही तळव्यांवर घेतलं.

मला वाटलं, आता ते दगड शोधतील.

"ओरडलीस तू," ते म्हणाले. "मासा तुझा. काय करू?"

"पाण्यातच धरा," मी म्हटलं. "पोटभर बघा. मग सोडा."

त्यांनी मान वळवली, पार बर्फाच्या घळीकडे, आणि तसं दूर बघत हातातला मासा बघितला. शेंदरी पोट, पिवळ्या कुशी, लाल पट्टा. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी बोटं सैल केली. मासा क्षणभर तिथंच थांबला, कल्ले हलवत, आणि मग काळ्यानिळ्यात उतरून गेला.

"तो पहिलाही तुझाच होता," डॅडी म्हणाले. "सत्तेचाळीसचा. त्या रात्री तू जेवली नाहीस, तेव्हाच मला कळलं होतं. म्हणायला तेवढं जमलं नाही."

मी चिडून काहीतरी बोलणार होते, चाळीस वर्षांचं साचलेलं. तेवढ्यात त्यांनी ओल्या हातांनी काठी उचलली आणि क्लेटन समोर उभा असताना माझ्या पुढे धरली. मी घेतली. काठीची बुचाची मूठ त्यांच्या हातानं झिजून काळी पडली होती, आता ओली होती.

ते गुडघ्यांवरच बसून होते. त्यांनी माझ्यावरून तोंड फिरवून भिंतीकडे केलं आणि तसेच राहिले, कितीतरी वेळ. ते मला बघत होते.