कुंकवाने अडवलेली वीज

मित्रांनो, मला भंगार म्हणाल तर खबरदार! मी एक जुना डायनॅमो आहे. मोटारीच्या इंजिनाचा पट्टा मला गरागरा फिरवायचा, मी वीज करायचो आणि बॅटरीचं पोट भरायचो. दिवे, भोंगा, सगळा थाट माझ्या जिवावर!

बेंगळुरूच्या राजाजीनगरात नरसिंहरावांच्या काळ्या मोटारीत मी १९५४ पासून राबलो. नरसिंहराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर. लांबचा प्रवास संपला की बॉनेटवर थाप मारून ते म्हणायचे, "शाब्बास पठ्ठ्या!" ती थाप इंजिनाला असेलही, पण मी ती मलाच समजायचो.

१९६१ साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटार सुरू केली, तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझेचना. मी वीज करू लागलो की तो विझायचा; म्हणजे वीज तयार होत नव्हती. "डायनॅमो गेला," नरसिंहरावांनी निकाल देऊन टाकला. सात वर्षं इमानाने चाकरी केली, आणि तपासणी नाही की चौकशी नाही! फार लागलं मला ते.

बसवनगुडीत मल्हारराव मेकॅनिकचं गॅरेज होतं. तिथे पोचताच नरसिंहराव म्हणाले, "नवा बसवा. हा भंगारात टाका."

"स्वल्प थांबा, अण्णा. आधी बघतो, मग बोलतो."

मल्हाररावांनी माझ्या दोन्ही तारा सोडवल्या. माझी दोन्ही टोकं एका तुकड्याने जोडली आणि तिथून माझ्या अंगापर्यंत एक दिवा लावला. इंजिन हळूच चालू केलं. खरं सांगतो, मलाही धडकी भरली होती. पण दिवा असा लखलखला म्हणता!

"हा तर ठणठणीत आहे," मल्हारराव म्हणाले. "गाडी कधीपर्यंत सरी, म्हणजे ठीक होती? मध्ये काही केलंत?"

"छे! आयुधपूजा केली तेवढी."

मागे बसलेल्या तुंगाबाईंना, म्हणजे नरसिंहरावांच्या पत्नीला, राहवलं नाही. "तेवढी? एक पुर्जा सोडला नाही यांनी! मी नको नको म्हणतेय, तरी त्या काळ्या डबीचं झाकण काढून आतही कुंकू लावलं."

ती डबी म्हणजे माझा रेग्युलेटर, माझी वीज आवरणारा. आत जिथे दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, तिथेच ओलं कुंकू वाळून बसलं होतं. मल्हाररावांनी ते बारीक पॉलिश पेपरने साफ केलं, तारा पुन्हा जोडल्या, आणि इंजिन सुरू होताच लाल दिवा गपकन विझला.

"इंजिनिअर असून मी हे केलं!" नरसिंहराव ओशाळले.

"भक्ती उतू चालली होती, अक्कांनी सांगितलं तर ऐकावं," मल्हारराव हसले.

नरसिंहरावांनी थाप मारली. बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे या वेळी ती थेट माझ्या पाठीवर पडली.

पुढे आणखी सात वर्षं राबलो आणि मगच झिजलो. आता मल्हाररावांच्या फळीवर असतो. मित्रांनो, कुणाला निकामी ठरवण्याआधी एकदा दिवा लावून बघत जा. आणि दर आयुधपूजेला मला कुंकू लावतात, ते खुशाल लावू देत. आता माझं काही अडत नाही.