साठ लिहिलेला, बावीस देणारा

मी एक जुना अल्टरनेटर आहे, मित्रांनो, आणि माझ्या पाठीवर दोन लेबलं आहेत. एक कारखान्यात छापलेलं आणि दुसरं हाताने रंगवलेलं. पहिल्याच्या जोरावर मी पुष्कळ वर्षं मिरवलो. दुसऱ्याने मला भंगारात जाण्यापासून वाचवलं.

मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीला माझी जागा. इंजिन सुरू झालं की रबरी पट्टा मला गरगर फिरवतो आणि माझ्या पोटातल्या तांब्याच्या तारांमधून वीज निघते. तिच्यावर दिवे लागतात, वायपर हलतात आणि उरलेली वीज बॅटरीत साठते.

कारखान्यात मला गार खोलीत एका यंत्रावर चढवून भन्नाट वेगाने फिरवलं होतं. मी साठ अँपिअर वीज दिली आणि लगेच माझ्या पाठीवर छापलं गेलं : ६०. ते खोटं नव्हतं. पण तेवढ्या वेगाने मला रोज कोण फिरवणार, हे त्यावर कुठेच लिहिलं नव्हतं.

माझी गाडी एका नर्सबाईंची. आडबाजूच्या वस्त्यांवर जाऊन त्या मुलांना लशी टोचत. मागच्या सीटवर लशींची थंड पेटी असे आणि तिला वीज मी पुरवत असे. शेजारी बसत त्यांचे वडील, गणिताचे निवृत्त शिक्षक. जिथे जातील तिथे सगळे त्यांना सर म्हणत.

एका सकाळी दाट धुकं होतं. बाईंनी शाळेसमोर, रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि पेटीसाठी इंजिन चालूच ठेवलं.

"बाबा, दिवे, हीटरचा पंखा, मागची काच तापवायची तार, सगळंच चालू आहे. काही बंद करू का?"

सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. "मी बेरीज केलीय. सगळं मिळून एकेचाळीस. हा देतो साठ. एकोणीस शिल्लक! राहू दे चालू, धुक्यात गाडी दिसली पाहिजे."

"नक्की ना?"

"अगं, छापलंय त्याच्यावर!"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, सर, गाडी उभी असताना इंजिन हळू फिरतं, मग मीही हळूच फिरतो! पण मला तोंड कुठलं? माझी कमतरता बॅटरी मुकाट्याने भरून काढत राहिली. धुक्यामुळे मुलं जमायला उशीर झाला आणि अडीच तासांत ती बिचारी रिकामी झाली. दिवे पिवळे पडले, पेटीची घरघर थांबली आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. गाडी हलेपर्यंत दुपार झाली. पेटी तापली, लशी वाया गेल्या. हात पुढे करून रांगेत उभी राहिलेली वीस मुलं तशीच घरी गेली. बाई चाकाजवळ बसून राहिल्या. "पुन्हा असं झालं ना बाबा, तर या गाडीतून लशी न्यायला मला कोणी देणार नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंना गाडी काढायला लावून सर तावातावाने मला घेऊन गाडीच्या वायरिंगची कामं करणाऱ्या काकांकडे गेले. या गृहस्थांचं नाव पडलं होतं मीटरकाका. मोजल्याशिवाय ते कुठल्याच यंत्राबद्दल शब्द काढत नसत.

"हा लबाड आहे. फेकून द्या!" सर म्हणाले.

काकांनी मला उघडून वीज पुढे नेणारे, झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले, परत बसवून सैल पट्टा ताणला, इंजिन सुरू केलं आणि वायरीला मीटरचा चिमटा लावला. उभ्या गाडीत बावीस. मग गाडी लांबवर पळवून आणली. धावताना, तापलेला असताना, अठ्ठेचाळीस.

"सर, नोकरीत असताना सलग किती तास घ्यायचात?"

"सहा!"

"आणि आता?"

"एक. तोही खुर्चीत बसून."

"मग तुम्हाला लबाड म्हणू का?"

बाई खुदकन हसल्या. सरही हसले, पण जरा उशिराने.

मग काकांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे पांढऱ्या रंगात बुडवलेल्या बारीक ब्रशने माझ्या पाठीवर लिहिलं : उभी २२, धावती ४८. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक जुन्या यंत्रावर त्याचा आजचा आकडा असतो.

मित्रांनो, आधी मला लाज वाटली. साठचा मी बावीसवर आलो! पण त्या संध्याकाळी सरांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नवी बेरीज मांडली.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्याच शाळेत गेलो. धुकंही तसंच होतं. या वेळी सरांनी गाडी रस्त्यापासून दूर, शाळेच्या आवारात घ्यायला लावली. "दिवे बंद. काच बंद. पंखा बंद. आता फक्त पेटी आणि इंजिन. झाले सोळा." मग गळ्याला मफलर गुंडाळून ते कुडकुडत पेटीच्या तापमानाच्या काट्याकडे बघत बसले. काटा पाचवर होता. तासाने पाच. तीन तासांनीही पाच. आतून मुलांच्या रडण्याचे आवाज एकामागून एक येत होते आणि इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही. विसावं मूल दंड चोळत बाहेर आलं.

सर उतरले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "शाब्बास. पुरे झाले रे बावीस."

मित्रांनो, तुमच्या घरातही जुनी यंत्रं असतील, जुनी माणसंही असतील. ती पूर्वी किती देत होती ते जरूर वाचा, पण आज किती देतात तेही एकदा प्रेमाने मोजा आणि तेवढंच मागा. मग बघा, ती तुम्हाला रस्त्यात सोडणार नाहीत. उद्या सकाळी आम्हाला पुढच्या वस्तीवर जायचंय. माझा पट्टा ताणलेला आहे आणि मी तयार आहे.