प्रश्न संपायच्या आत

मी बझर बोलतोय. आयुष्यभर 'ट्यँऽऽ' एवढंच म्हणणाऱ्याने आपली जीवनकहाणी सांगायला बसावं, हा तुम्हाला आगाऊपणा वाटेल. वाटू दे. मी ज्या घरात राहतो तिथे शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो हे पक्कं ठाऊक असतं, पण घरातलं मीठ संपलंय हे ठाऊक नसतं. अशा घरात थोडा आगाऊपणा अंगी येतोच.

माझा जन्म विजेच्या सामानाच्या दुकानामागे, एका अंधाऱ्या खोलीत झाला. लाकडी खोकं, वर लाल बटण, बटणाशेजारी इवलासा दिवा आणि पोटात एक सेल व कुणाच्या तरी दारावरून उतरवलेली जुनी बेल. आम्ही चार भावंडं एकाच दिवशी तयार झालो आणि एका प्रश्नमंजूषा मंडळात दाखल झालो. प्रश्नमंजूषा म्हणजे काय, तर चांगली नोकरीधंद्याची माणसं सुटीच्या दिवशी एका हॉलमध्ये जमतात आणि वॉम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी का असते यावरून एकमेकांशी बोलणं टाकतात.

नियम एकच होता. ज्याचा बझर आधी वाजेल त्याचा दिवा लागणार आणि तोच बोलणार. बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं, मग त्यांना उत्तर येत असो नाहीतर चक्कर.

माझ्या वाट्याला आले कोशकाका. हे नाव त्यांना मंडळाने दिलेलं. एरवी ते विम्याच्या कचेरीत टेबलामागे बसत. काकांचा अंगठा असा तयार, की विचारणाऱ्याने "कोणत्या प्राण्याला तीन..." म्हणायचा अवकाश, हे "ऑक्टोपस, हृदयं" म्हणून मोकळे. बिचाऱ्याचा प्रश्न तोंडातल्या तोंडात राहायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं, हीच खरी पंचाईत. चारदा तोंडावर आपटले असते तर सुधारले असते.

पुढे मंडळाने बिनतारी बझर आणले. आम्हा भावंडांना निरोपाचं भाषणसुद्धा मिळालं नाही. काका मला उचलून घरी घेऊन आले आणि त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर, आपल्या ताटाच्या उजव्या हाताला ठेवलं.

"हे कशाला?" काकूंनी विचारलं.

"आठवण म्हणून."

"आठवणी कपाटात ठेवतात. इथे आमटीचं भांडं असतं."

पण राहिलो मी तिथेच. आमटी सरकली.

काकू घरी शिवणकाम करतात. पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या पँटी आखूड करणं. दिवसभर मशीन चालवायची आणि रात्री जेवताना दोन शब्द बोलायचे, एवढीच त्यांची अपेक्षा. त्या म्हणायच्या, "आज शेजारच्यांच्या मुलीची मान..." की ट्यँऽऽ. "जिराफाच्या मानेत माणसाइतकेच सात मणके असतात!" त्या मुलीच्या मानेचं काय झालं ते आजतागायत या घरात कुणाला कळलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, काकूंनी खडसावायचं एकदा. खडसावलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. नंतर माणूस आपली ताकद दुसऱ्या कामासाठी राखून ठेवतो.

मग एके दिवशी वाढताना काकूंचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. दोन दिवसांनी टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्याच हाताने कलंडला. काकांचं ताट भिजलं.

"अहो, हल्ली मला डावीकडचं..."

ट्यँऽऽ. "डावं फुप्फुस उजव्यापेक्षा लहान असतं. का? हृदयाला जागा लागते म्हणून!"

काकूंनी फडक्याने टेबल पुसलं. आठवड्याभराने त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "माझ्या या डोळ्याला काहीतरी..." पुन्हा माझ्या डोक्यावर अंगठा. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, ही माहिती टेबलावर आली. शहामृगाचं मला काही म्हणायचं नाही. पण डोळ्यापेक्षा मेंदू लहान असलेला प्राणी बघायला इतक्या लांब जायचं कारण नव्हतं.

त्या रात्री काकूंनी आमटी वाढली आणि खाली न बसता उभ्याच राहिल्या. काका कचेरीतून एक ताजं तथ्य घेऊन आले होते. डॉल्फिन एक डोळा उघडा ठेवून झोपतो, असं काहीतरी. त्यांनी तोंड उघडलं मात्र, काकूंनी ताटावरून हात लांब केला आणि सुया टोचून खरखरीत झालेला अंगठा माझ्यावर दाबला.

ट्यँऽऽ.

माझा दिवा लागला. काकांचं तोंड आपोआप मिटलं. दुसऱ्याने दाबलं की बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बायकोचं ऐकायचं हे मुरलं नव्हतं, पण बझरचं होतं.

"मला डाव्या डोळ्याने कडेचं दिसत नाहीये," काकू म्हणाल्या. "दोनेक महिने झाले असतील. समोरचं दिसतं, सुईत दोरा जातो, म्हणून मीही काणाडोळा केला. उद्या सकाळी डॉक्टरांकडे नाव लावलंय. डोळ्यांत थेंब घालतात म्हणे, मग एकटीने परत येता येत नाही. मला भीती वाटतेय हो. तुम्ही याल का बरोबर?"

प्रश्न संपला. माझ्या माहितीप्रमाणे या घरात पूर्ण झालेला हा पहिलाच मोठा प्रश्न. माझा दिवा विझला, तरी काकांचा अंगठा माझ्याकडे वळला नाही.

"येतो," ते म्हणाले. मग ताट बाजूला सारून, "मला कसं कळलं नाही गं?"

"तुम्ही उत्तर देत होतात," काकू म्हणाल्या आणि जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला पर्समध्ये टाकलं. का, ते तेव्हा मला समजलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि काकांना विचारलं, "या कुठे धडकतात, अडखळतात, असं तुमच्या लक्षात आलं होतं?"

काकांना चौकट आठवली. पेला आठवला. फुप्फुसही आठवलं असणार.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "लक्षात नाही आलं."

"डोळ्यातला दाब वाढलाय. जेवढी नजर गेली तेवढी परत येणार नाही. उरलेली थेंबांनी राखायचा प्रयत्न करू, पण थेंब रोज पडायला हवेत. एक दिवसही चुकवायचा नाही."

काकूंनी पदराने नाक पुसलं. काका घाबरले आणि घाबरल्यावर जे करतात तेच करायला लागले. "डॉक्टर, शहामृगाचा डोळा..."

पर्समध्ये ट्यँऽऽ झालं. काका थांबले. डॉक्टरीणबाई आपला फोन शोधू लागल्या.

तेव्हापासून माझा मुक्काम शिवणाच्या मशीनवर आहे, काकूंच्या डाव्या हाताशी. त्या बाजूला काही सापडेनासं झालं की त्या मला दाबतात आणि काका येतात. थेंब काकाच घालतात. तथ्यं सुटलेली नाहीत, तेवढा चमत्कार कुठल्याच औषधात नाही. परवाच म्हणाले, फुलपाखरू पायांनी चव घेतं. काकू म्हणाल्या, "ऐकलं. आता डोळ्यात थेंब घाला, जमिनीवर नको."

काल माझा सेल संपला. काकूंनी दाबलं, पण आवाज निघाला नाही. त्यांचा डावा हात कापडावर चाचपडत होता. कात्री वीतभर पलीकडे पडली होती. काका दारात उभे होते. हल्ली ते असे मधूनमधून येऊन बघतात. त्यांना कात्री दिसली. उत्तर त्यांच्या जिभेच्या टोकावर आलेलं मी पाहिलं, आणि त्यांचा अंगठा हवेतच हलला.

पण ते बोलले नाहीत. जवळ येऊन वाकले आणि म्हणाले, "काय हवंय?"

"अहो, ती माझी मोठी कात्री," काकू सावकाश म्हणाल्या, "मघाशी इथेच ठेवली होती, पडद्याचं कापड कापताना, ती कुठे गेली?"

काका शेवटच्या शब्दापर्यंत थांबले. मग त्यांनी कात्री हातात दिली.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. माझा सेल बदलायची घाई कुणी करू नका.