बरणी क्रमांक एकेचाळीस

"काका, यात क्रिकॉइड कुठलं?"

रामदासने बोटातली चांदीची अंगठी उलटी फिरवून दाखवली: पुढे बारीक, मागे रुंद. मग बरणीतल्या ढालीसारख्या थायरॉइड कूर्चेखाली बोट ठेवलं. विद्यार्थिनीने वहीत लिहून घेतलं. ते स्वरयंत्र आपलंच आहे, हे मात्र त्याने पाटीवर लिहिलं नाही. मुली घाबरतात, आणि परीक्षा जवळ आली होती.

शरीररचनेच्या संग्रहालयात त्याची सव्वीस वर्षं बरण्या पुसण्यात गेली होती. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलं तेव्हा सर्जन म्हणाले, नमुना छान आहे, ठेवून घेऊ का? रामदासने सही केली. खडकीच्या दोन खोल्यांत ते ठेवणार तरी कुठे?

आवाज मात्र हडपसरला नोकरीवर होता. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मुलगी आम्रपालीने आपल्या आयटी कंपनीच्या फोनसाठी तो रेकॉर्ड करून घेतला होता. त्याची बायको हिरा रोज दुपारी जेवण आटोपून तिथे फोन लावायची. "कृपया थांबा. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." उभ्या संसारात तो तिच्याशी इतक्या अदबीने कधी बोलला नव्हता. खरं माणूस लाइनवर आलं की ती फोन ठेवून द्यायची.

शुक्रवारी सकाळी आम्रपाली मान खाली घालून म्हणाली, "बाबा, सोमवारपासून कॉम्प्युटरचा आवाज लागणार. तुमची मूळ फाइल कुठेच सापडत नाहीये."

त्या दुपारी हिराने रिसीव्हरजवळ टेपरेकॉर्डर धरला. संध्याकाळी तिघांनी कॅसेट लावली. रामदासचा आवाज आलाच नव्हता. अर्धा तास फक्त हिरा ऐकू येत होती. "हं. थांबलेय. हं. थांबलेय."

शनिवारी ती डबा घेऊन पहिल्यांदाच संग्रहालयात आली. रामदासने टेबलावरच्या फोनवरून नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्या कानाशी धरला. तिने तो थोडा बाजूला केला, बरणीला टेकवला. काचेआड दोन पांढरे स्वरतंतू लोंबत होते.

"कृपया थांबा," रामदासचा आवाज म्हणाला. बरणीतलं फॉर्मलिन किंचित हललं. खालून बस गेली असावी.

"थांबलेय," हिरा बरणीला म्हणाली.

मग खट् झालं. "हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

या वेळी हिराने फोन ठेवला नाही. उत्तर द्यायचा मान ज्याचा होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. रामदासही बरणीकडेच बघत होता.