तळाची गोणी

पुतण्या संतोष बियाणे कंपनीच्या मेळाव्यातून हिरवी टोपी घालून आला, तेव्हा पुंजातात्या ओट्यावर बसून पोट धरून हसले.

"तात्या, हसू नका. आता मालगाडी दोन दिवसांत कलकत्त्याला जाती. आपला जाड सालीचा तिखट कांदा कशाला? पातळ सालीचा गोड लावू."

"साहेब सांगत व्हता, का टोपी सांगत व्हती?"

तात्यांना असले शहाणे नवे नव्हते. त्यांच्या आज्याने बाजरी मोडून कांदा धरला, तोही गाडीच्याच भरवशावर. लासलगावला गाडीच्या वाघिणी भरल्या, आठ दिवस रखडल्या आणि तळाच्या गोण्यांचं पाणी झालं. तेव्हापासून घरात रीत पडली. कांदा गोण्यांत भरून थप्पी लावायची आणि दहा दिवसांनी तळाच्या गोणीतून जो धड निघेल, त्याचंच बी धरायचं. हे बी तात्यांच्या हातात तिसऱ्या पिढीचं होतं.

दसरा झाला. बियाण्याचे कांदे लावायला काढावेत म्हणून तात्या कांद्याच्या चाळीत गेले, तर कोपरा रिकामा.

"ते व्हय? बारा दिवसांमागंच पिंपळगावला घातले," संतोष म्हणाला. "लय एकसारखे व्हते, व्यापारी खूश झाला. नाहीतरी बी नवंच आणायचंय."

 तात्यांची बायको कुसाबाई चुलीपासून उठून आल्या आणि पुतण्याकडे बघून म्हणाल्या, "टोपी देऊन डोकं काढून घ्यायचा मेळावा व्हता व्हय रे?"

पिकअप काढून तात्या आणि संतोष पिंपळगावला गेले.  माल एव्हाना कलकत्त्याच्या वाटेला लागला असणार.

व्यापारी सोमनाथ शेडसमोर डोकं धरून बसला होता. "दोन दिवसांत पोचणारी गाडी बारा दिवस झाले आलीच नाय, आजोबा. सगळा माल इथंच कुजतोय. तुमचाही यातच मिसळलाय."

"वा!" तात्या पुतण्याकडे वळले. "लय वेगवान गाडी हाय तुझी."

मग ते सोमनाथला म्हणाले, "तळाच्या गोण्या काढ."

"आजोबा, वरच्या घ्या. तळाचा माल चेंगरलाय."

"वरच्या ह्या टोपीवाल्याला दे."

हमालांनी थप्पी उतरवली. तळाच्या गोण्यांतून काळं पाणी झिरपत होतं, दर्प डोक्यात जात होता. तात्या मांडी घालून बसले आणि त्या लगद्यात हात घालून चाचपू लागले. मऊ लागला की फेकायचा, टणक लागला की धोतराला पुसून बाजूला. दुपार कलली तेव्हा कुठे दीड पाटी भरली.

"पण तात्या, हे आपलेच कशावरनं? पन्नास जणांचा माल हाय," संतोषने नाकावर टोपी दाबून विचारलं.

"कुणाचे का असंनात. बारा दिवस तळाला राहून जो धड निघाला, तो आपला."

पाटी डोक्यावर घेताना त्यांनी पुतण्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं झालं टोपी आणलीस. नाक दाबायला तरी कामाला आली."