थेंब पसरला पाहिजे

यंत्राच्या काचेतून जांभळट उजेड दिसू लागला की तिला चार मिनिटं बसायला मिळत. पंप हवा ओढून घेई, आत प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला वायू, पेटे आणि सलाईनच्या नळीचे प्लास्टिकचे जोड आपला हट्ट सोडत. एरवी त्यांच्यावर पाणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गोंदही धरत नसे. प्लाझ्मातून निघाल्यावर मात्र थेंब टाकताच पसरे. मग ती हातमोजे घालून एकेक जोड ट्रेमध्ये मांडी. दर दहाव्या ट्रेला थेंबाची तपासणी.

उद्या तिची रजा होती, तीन महिन्यांतली पहिली. कुठे जायचं नव्हतं. नुसतं झोपायचं होतं.

विसाव्या ट्रेमधल्या जोडावर तिने थेंब सोडला. तो मोत्यासारखा गोल बसून राहिला. दुसऱ्यावरही तेच.

यंत्रात अजून माल होता. तिने चिमट्याने त्यातला एक उचलला, थेंब पसरला. त्याच्याच दुसऱ्या कडेवर तिने हातमोज्याचं बोट टेकवलं आणि तिथे थेंब सोडला. गोल.

बाराव्या ट्रेनंतर चहा झाला होता. तेव्हा तिने नणंदेने दिलेलं क्रीम हातांना चोळलं होतं. "वहिनी, हात आहेत की खवणी?" असं म्हणून नणंदेने ती डबी पर्समध्ये कोंबली होती. त्याच बोटांनी तिने हातमोजे ताणून बसवले होते.

"दहाव्याचा पसरला ना?" पर्यवेक्षक मागून म्हणाले. घड्याळ बघितल्याशिवाय ते बोलत नसत, म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणत. "मग विसाव्याचाही पसरला असं लिही. गोंदवाले खोळंबलेत."

पेन तिच्या हातातच होतं. एक शब्द लिहिला की झोप.

"नाही पसरला, काका. माझ्याच हातांचं क्रीम लागलंय. तेराव्यापासूनचे आठही ट्रे बाद. गोंद सुटला, तर नळी रुग्णाच्या उशाशी गळेल."

काटेकाकांनी कपाळाला हात लावला. "हात तुझे, क्रीम नणंदेचं आणि बोलणी मी खायची! धुऊन, वाळवून पुन्हा यंत्रात घालायला उद्याची सकाळ उजाडेल. तुझी रजा?"

"गेली."

जाताना ते जोड धुवायच्या अल्कोहोलचा कॅन तेवढा तिच्याजवळ सरकवून गेले.

तिने खोक्यातून नवे हातमोजे काढले. आधी हातच धुतले, साबणाने तीनदा. बोटांच्या भेगा पुन्हा झोंबायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास शेवटच्या ट्रेवरचा थेंब पसरला. सही करून ती स्टुलावर टेकली, तर नणंदेचा फोन.

"वहिनी, झोपमोड केली का? क्रीम कसं आहे?"

"छान आहे गं," ती म्हणाली. "आता घरीच ठेवणार आहे. रात्री लावत जाईन."