झोळीच्या सळया

सुग्रीवने मजुराच्या खोलीत शिरून चुलीवरचं पातेलं पायानेच सरकवलं आणि खालचे सळईचे दोन तुकडे उपसून बाहेर फेकले. डाळ सांडली. तिकडे त्याने पाहिलंही नाही.

आदल्या दिवशी बांधकामाचे मालक काकासाहेब सगळ्या मजुरांसमोर म्हणाले होते, "भंगार कमी भरून राह्यलं, सुग्रीव. मुकादमच खात असंल तर ढीग वाढंल कसा?" भंगार घेऊन जालन्याच्या पोलादाच्या भट्टीला जाणारा टेम्पो उद्या मंठ्यात येणार होता. तोवर ढीग वाढला नाही तर सुग्रीवचं काम जाणार होतं. लोखंडाचा एक तुकडा कधी विकला नाही, आणि चारचौघांत चोर ठरलो, या विचाराने त्याचं डोकं रात्रभर ठणकत होतं.

मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत सळया कुठे नव्हत्या? चुलीला, दाराला, कपडे वाळत घालायला. कापून उरलेले तुकडे काम संपेपर्यंत वापरायचे आणि पुढच्या गावाला निघताना ढिगावर टाकायचे, ही रीतच होती. सुग्रीवला ती चांगली ठाऊक होती. पण ती मालकाला सांगायची छाती कुणाची? मग वड्याचं तेल वांग्यावर.

शेवटची खोली दैवशालाची. तीन लांब सळया वर तारेने एकत्र बांधून तिने लुगड्याची झोळी टांगली होती. झोळीत तिची तान्ही लेक झोपलेली.

"भाऊ, एवढं ऱ्हाऊ द्या. खाली विंचू निघून राह्यलेत. काम सरलं की मीच टाकते ढिगावर."

"लोखंड मालकाचं हाय. जल्दी सोड."

"मालकाच्या घरात असे घुसाल का?"

"सोड म्हणलं ना!"

दैवशालाने लेकीला काखेत घेतलं. झोळी सोडून तिची घडी केली. मग तिन्ही सळया उचलून त्याच्या पायाशी आपटल्या. पोर दचकून रडायला लागली.

"घे. बराबर तोल," ती म्हणाली. इतके दिवस ती त्याला अहो-जाहो करायची.

संध्याकाळी घरी आला तरी सुग्रीवचा राग उतरला नव्हता. बायको, मीना, अंगणातल्या मांडवाखाली दोडके तोडत होती.

"सगळे चोर हायत! ज्याच्या त्याच्या खोलीत मालकाचं लोखंड!"

मीनाचा हात थांबला. तिने वर पाहिलं.

"मंग हा मांडव बी सोडायचा का? मागच्या कामावरून तुम्हीच आणल्त्या ह्या सळया."

"म्या इकलं न्हाई कधी काही."

"त्यांनी तरी कुठं इकलं?"

"चूप बस!" तो ओरडला. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी त्याने पक्कड घेतली आणि मांडवाच्या तारा तोडल्या. फळावर आलेला वेल एका बाजूने खाली बसला. मीना दारात उभी होती. तीन सळया खांद्यावर घेऊन तो कामावर गेला.

दैवशाला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. रात्रभर अशीच बसली असावी. सुग्रीवने सळया उभ्या केल्या आणि वरची टोकं बांधायला घेतली.

"ढिगातल्या न्हाईत ह्या," तो खाली न बघता म्हणाला. "घरच्या हायत."

सळईला चिकटून आलेलं वेलाचं पान दैवशालाने ओढून काढलं.

"घरी कुठनं आल्या?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सुग्रीव तार पिळत राहिला.